दोन्ही बाजूंच्या कर्णिक बाई

कर्णिक बाई ठाण्याच्या लॉ कॉलेजात आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवायच्या. पहिल्या तासाला त्या आल्या, हजेरी घेतली आणि काही न बोलता वर्गाबाहेर गेल्या. दारामागून आवाज आला, "माझ्या साडीचा रंग कोणता?" वर्गातून सहा रंग निघाले. मी छातीठोकपणे जांभळा सांगितला. बाई आत आल्या. साडी हिरवीगार होती.

"तुम्ही सगळे प्रामाणिक आहात," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या साक्षीवर मी मांजरसुद्धा आत टाकणार नाही."

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाई डोंबिवलीच्या; बुटक्या, जाड भिंगांच्या. मोकळ्या तासाला मेथी निवडता निवडता आमच्या शंका सोडवायच्या. पूर्वी अकरा वर्षं त्या सरकारी वकील होत्या. मग अचानक ते सोडून, वकील न परवडणाऱ्या आरोपींचे खटले चालवू लागल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "त्या बाजूला पंख्याचं वारं लागायचं नाही रे."

पुढे मी सरकारी वकील झालो आणि माझ्या पहिल्याच मोठ्या खटल्यात बाई समोर उभ्या राहिल्या. आरोपी कोलशेतची कोळीण, जनाबाई. खाडीकाठच्या एका कारखान्यातल्या मुकादमाचं डोकं तिने वल्ह्याने फोडलं, असा आरोप. मुकादम शपथेवर तेच सांगत होता. जनाबाईचं म्हणणं एकच, "मी तवा कल्यानच्या बाजारान व्हते."

कागद चाळताना मला कारखान्याच्या पहारेकऱ्याचा जबाब सापडला. मारणारा पुरुष होता, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. बाईंना दिलेल्या कागदांत तो जबाब नव्हता.

"राहू दे ना साहेब," फौजदार म्हणाला. "पहारेकरी नोकरी सोडून गावी गेलाय. कोणाला कळतंय?"

मला खटला जिंकायचा होता. दोन दिवस तो कागद कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो बाईंच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"बराच चुरगळलाय," त्या म्हणाल्या. "खिशात फिरला वाटतं. पण आला."

बाईंनी पहारेकऱ्याला गावाहून साक्षीला बोलावून घेतलं. जनाबाई सुटली. फौजदाराने माझ्याशी बोलणं टाकलं. जनाबाईने मात्र आम्हा दोघांनाही सुक्या बोंबलांची एकेक जुडी दिली. आमच्या घरी चालत नाही हे बाईंना ठाऊक होतं. "आण इकडे," म्हणत त्यांनी माझीही जुडी पिशवीत टाकली.

मग कँटीनमध्ये चहा घेताना त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "असा एक कागद मीही दाबला होता. सरकारी वकील असताना. तो माणूस चार वर्षं तुरुंगात होता. नंतर खरा चोर सापडला."

मी कप खाली ठेवला.

"तो सुटल्यावर ठाकुर्लीला त्याच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तेव्हापासून दर दिवाळीला जाते."

"त्याने माफ केलं तुम्हाला?"

बाईंनी बशीत चहा ओतला. "विचारलं नाही रे. जे उत्तर सोसणार नाही, त्याचा प्रश्न वकील विचारत नाही." एक घोट घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "पण यंदा त्याच्या बायकोने चहा पाहुण्यांच्या कपबशीत नाही दिला. त्यांच्या रोजच्या पेल्यात दिला."