आईची शपथ आणि अर्धी गोळी

परवा नगरला माझ्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी कमी करतोय आपण, मधे एकही दिवस चुकली नाही ना?” साधाच प्रश्न... आणि मी तिथेच रडायला लागले.

हा प्रश्न मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल, आम्ही तिसगावला. आईचे सगळे सांधे सुजायचे, भाकरी थापता यायची नाही. नगरच्या डॉक्टरांनी एक पांढरी गोळी दिली, स्टेरॉइडची, आणि ती चक्क उठून कामाला लागली. चेहरा गोल झाला तर आळीतल्या बायका म्हणायच्या, काय तब्येत सुधारली हिची! ती गोळीचीच सूज, हे कुणाला ठाऊक...

दीड वर्षाने डॉक्टर म्हणाले, आता कमी करायची, पण हळूहळू. एकदम सोडली तर जिवावर बेतेल. घरात वाचता येणारी मीच, सातवीतली. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या अडकित्त्याने मी रोज गोळी अर्धी करून आईला द्यायचे. फार मिरवायचे मी त्या कामाचं.

मग नवरात्र आलं. आईचा नऊ दिवस कडक उपास, गोळीसुद्धा तोंडात घालायची नाही म्हणाली. “सोडायचीच हाय ना? मग देवीच्या नावानं सोडते. अण्णांना सांगू नको, तुला माझी शपथ हाय.”

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिला बसवेना. सगळे म्हणाले, उपास बाधला. अण्णांनी कशीबशी एसटीने नगरला नेली, गोळ्यांची डबी घेऊन मीही गेले.

डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, गोळी चालू आहे ना? अण्णा म्हणाले, “व्हय, पोरगी रोज देती.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शपथ मोडली की आई मरते, एवढंच मला माहीत होतं... मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

संध्याकाळी आई गेली.

अण्णांना शेवटपर्यंत सांगू शकले नाही. नवऱ्यालाही नाही. परवा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाहेरचे पेशंट थांबवले आणि माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या. फार उपकार झाले बाई तुमचे.

तुमच्या घरात कुणाची ही गोळी चालू असेल, तर मनाने सोडू देऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, वेळेत कळलं तर इंजेक्शन देऊन माणूस वाचवता येतं. शपथ मोडल्याने कुणी मरत नाही हो... मी पाळली होती.