सासऱ्यांना माझं तोंड दाखवलं तेव्हा

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी ‘सेनाइल डिमेन्शिया’ हे नाव घेतलं, तेव्हा माझ्या हातावरचं प्लास्टर अजून ओलं होतं. हात मोडणारे माझे सासरे, मामाजी, शेजारच्या बाकावर शांत बसले होते.

“म्हातारपणी मेंदू झिजतो,” डॉक्टरांनी समजावलं. “जवळचं पुसलं जातं, जुनं तेवढं उरतं. यावर औषध नाही.”

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डोणगावात आमचं घर मोठं, म्हणून गोषाही मोठा. सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर, आणि तोंडातून शब्द नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी मामाजींनी माझा चेहरा पाहिला नव्हता. मीही त्यांचे पायच ओळखत होते.

आधी ते घरचा रस्ता चुकू लागले. जेवून उठले की पुन्हा पानावर बसत. मग मारहाण सुरू झाली. एकदा तांब्या फेकून त्यांनी माझं कपाळ फोडलं. एकदा माझ्याच पदरानं गळा आवळला. “कोन व तू? माह्या घरात काऊन घुसली?” ओरडत होते.

घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवली. मांत्रिकानं मामाजींना मिरच्यांची धुरी दिली, फोकानं त्यांची पाठ सोलली. मग गोठ्यात साखळीनं बांधलं. घोट्यांत जखमा झाल्या. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. शेवटी एकदा अंघोळीला सोडलं, तेव्हा त्यांनी मुसळानं माझा हात मोडला आणि आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी विचारलं, “कोणाकोणाला मारतात?”

आमचे हे म्हणाले, “हिलेच. बाकी कोनाले बोट लावत नाही.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी तिथंही पदरात होते. “घरातही असंच?” मी मान हलवली.

“मग ते ओळखणार कशावरून? त्यांच्या लेखी रोज एक बिनतोंडाची बाई घरात शिरते. तोंड दाखवा, बोला. साखळी सोडा.”

घरी सासूबाई कडाडल्या, “घराची लाज येशीवर टांगतं का व? राहू दे साखळी!” ह्यांनी मामाजींचा दंड धरला. मामाजी पुन्हा गोठ्यात गेले.

दोन दिवस मी भ्याले. तिसऱ्या सकाळी भाकर घेऊन गोठ्यात गेले आणि पदर मागे टाकला. त्यांनी केस धरून मला गव्हाणीवर आपटलं. कपाळावरची जुनी जखम उघडली. पदराकडे हात गेला होता, तो मी आवरला.

“मामाजी, मी तुमची सून. भाकर आणली.”

उगारलेली मूठ तिथंच थांबली. ते माझ्या तोंडाकडे बघू लागले.

“पोरी, तुह्या कपायातून रगत येऊन राह्यलं. कोनं मारलं व तुले?”

मला रडूच फुटलं. “पडले, मामाजी.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि साखळी त्यांनीच काढली.

मामाजी त्यानंतर चार वर्षं जगले. आणखी दोनदा त्यांचा हात उठला, पण साखळी पुन्हा लागली नाही. तुमच्या घरी असं माणूस असेल तर बांधण्याआधी एकदा बघा, त्याला समोर काय दिसतं. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

रोज सकाळी मामाजी विचारत, “तू कोन व?” आणि रोज मी तोंड वर करून सांगत असे, “तुमची सून.”

“बरी आहे दिसाले,” ते म्हणत, रोज पहिल्यांदाच.