आधी हात गरम

आमची मिल बंद पडली त्या हिवाळ्यात माझी मुलगी सांवेरच्या दवाखान्यात दिवस भरायच्या आधीच जन्मली. दूध ओढेना. डॉक्टर म्हणाले, इंदूरला न्या, पण वाटेत गार पडली तर हाती लागणार नाही. बायको तिथंच खाटेवर राहिली. ॲम्ब्युलन्समध्ये मी, पोर आणि एक जाडजूड नर्सबाई. नाव मी विचारलं नाही.

"भिया, शर्ट काढा," ती इंदुरी ढंगात म्हणाली. मी लाजलो. "काढा हो, तुम्हाला कोण बघतंय!"

तिनं पोरीला टोपी घातली, माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून शाल गुंडाळली. ड्रायव्हरनं काच उतरवली तशी ओरडली, "काच चढाओ! हवा खानी है तो घर जाके खाना."

मी म्हटलं, "बाई, मी बिनकामाचा माणूस. मिल बंद झाली."

"मिल बंद झाली, तुमचा बॉयलर तर चालू आहे ना? आज तेवढंच काम."

सारखी पोरीचे तळवे चाचपायची. पण दर खेपेला आधी स्वतःचा हात काखेत धरून गरम करायची. तोंडानं फटकळ बाई, पण थंड हात तिनं पोरीला एकदाही लावला नाही.

पोर जगली. आता तिचीच पोरं शाळेत जातात.

यंदा बायको गेली. शेवटी तिचे पाय गार पडत चालले होते. मुलगी रडत म्हणाली, "बाबा, आईला हात लावा ना."

मी हात काखेत धरले. म्हटलं, "थांब, आधी गरम होऊ दे."