पाच रुपयांचे पेढे

“मुलगा होऊ दे. त्याच्या मुंजीला पाच रुपयांचे पेढे आणीन आणि मंडळातल्या प्रत्येकीला देईन,” असा नवस मी लखनौला आले तेव्हा बोलले होते. भजनी मंडळात आम्ही सात मराठी बायका. कुणाचे यजमान फौजेत, कुणाचे संशोधन संस्थेत. पाच रुपयांत सातजणींना पुरून दोन पेढे उरायचे. देव पावला, पण मुंजीपर्यंत रुपयाचं काय होणार, हे मला कुठे ठाऊक!

असे महागाईचे किस्से आमच्याकडे इतके साठलेत की आरती झाली तरी बायका उठत नाहीत. बहुतेक किस्से मालूताईंचे. मालूताई आमच्यात सगळ्यांत वडील.

* * *

त्यांचे यजमान नाना सब्जीच्या ठेल्यापाशी रोज हळहळायचे. पूर्वी म्हणे पाच रुपयांत पिशवी उचलवत नसे.

“अहो, तेव्हा पगार किती होता, तेही सांगा की भैयाला,” मालूताई म्हणाल्या.

भैयाने हसत हसत मूठभर हरा धनिया, आपली कोथिंबीर, पिशवीत टाकला. मालूताई खूश. “हा फुकट मिळतोय ना, तोवर चिंता नाही.”

* * *

पूजेला सव्वा रुपया दक्षिणा ठेवली, तर पंडितजी म्हणाले, “माताजी, चवन्नी तो अब रिक्शेवाला भी नहीं लेता.”

मालूताईंनी शांतपणे ती चार आण्यांची चवन्नी उचलली आणि तिथे नारळ ठेवला. “हा घ्या. हा तेव्हाही एकच होता, आजही एकच आहे.”

पंडितजींनी नारळाला नमस्कार केला.

* * *

संक्रांतीच्या वाणासाठी मालूताई दरवर्षी तेवढेच पैसे बाजूला काढत. आधी स्टीलच्या वाट्या आल्या, मग प्लास्टिकच्या डब्या. एका वर्षी चौक बाजारातून नुसत्या सुया आणि दोरा आला. आम्ही एकमेकींकडे बघू लागलो.

“शनिवारी दुपारी या. वाणाचं उरलेलं अर्धं तेव्हा देईन,” मालूताई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी आम्हाला रुमालावर लखनवी चिकनकामाचे, भरतकामाचे टाके शिकवले. वाट्या कधीच हरवल्या. तेव्हा भरलेला तो रुमाल मी अजून वापरते.

* * *

ब्याण्णव साली मुलाची मुंज झाली. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. मंडळ आता चांगलंच वाढलेलं. हलवायाने पाच रुपयांत दोन पेढे दिले.

“मम्मी, बस दो?” मुलाने विचारलं.

यजमान म्हणाले, वर पैसे घालून आणखी आणू. पण मग नवसाचा पेढा कुणाला जायचा आणि बाजारचा कुणाला? शब्द पाच रुपयांचा होता, आणि प्रत्येकीचाही होता. बायका येऊ लागल्या आणि मी स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी.

मालूताई आत आल्या. काय झालं ते ऐकलं. प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं, दोन्ही पेढे त्यात कुस्करले आणि झारा माझ्या हातात दिला. “ढवळ. देवाचं नाव घे.”

पहिला द्रोण मी त्यांनाच दिला. घास घेऊन त्या म्हणाल्या,

“पेढा माझ्याच घासात आला ग.”

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, माझ्या पण.”

मग कोपऱ्यातून आवाज आला, “माझ्याही.” मग दारातून. मग ओसरीवरून.

तुमच्याकडे प्रसादाचा शिरा असेल, तेव्हा एक पेढा कुस्करून टाका. आणि द्रोण वाटून झाले की विचारा, कुणाच्या घासात आला.