शिंग बैलाचं नव्हतं

हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि सगुणाला. सगुणा, माझी बायको, आता नाही. म्हणजे मी एकटाच उरलो. आजवर तोंडातून काढलं नाही, ते तुम्हाला सांगतो.

दवनीवाड्याकडच्या आमच्या गावात मला शहाणा समजतात. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत घरोघरी सात-आठ पोरं, आणि हा गडी दोनवर थांबला म्हणतात. नातवंडंही तेच सांगतात. मी मान हलवतो.

थांबायचं होतं ते सगुणाला. आम्ही पोवार. पूर्वज माळव्याहून आले, जंगल तोडून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, केली. तेव्हा हात हवे होते. आजोबांना अकरा मुलं, अजींना — माझ्या वडिलांना — आठ. वाटण्या होत माझ्याकडे चार बांध्या आल्या. सगुणा म्हणायची, "तिसरा आला तं त्याले कोणती बांधी देता जी? धुऱ्यावर बसवता?" धुरा म्हणजे शेताचा बांध.

म्हणून धाकटा तीन वर्षांचा झाला तरी ती त्याला पाजत होती. पाजत राहिलं की दिवस राहत नाहीत, असं तिच्या आईनं सांगितलेलं. घरात सगळ्यांना कळत होतं. मला कळत नव्हतं का?

एका दुपारी नांगर सोडून आलो. अजी भावांसमोर म्हणाले, "माळव्याहून आपण दोन पोरांवर थांबाले आलो काय रे? तुतारी तुया हातात, अन् बायको तुले हाकून रायली."

सगळे हसले. तुतारी — बैल हाकायची, टोकाला लोखंडी आर असलेली काठी — खरंच हातात होती. ती दाराशी ठेवता आली असती.

मुलाचं पिणं तोडायला आमच्याकडे आई छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावते. आपल्या हातानं, आपल्या मनानं. तो पाला घेऊन मी मागच्या गोठ्यात गेलो, तिथं ती धाकट्याला पाजत बसली होती. पोराला दंडाला धरून दाराबाहेर फेकलं. तिला भिंतीशी दाबून पाला चोळला. तिनं माझा हात ढकलला — एवढंच. मी तुतारी खुपसली. छातीत. एकदा रागानं. दुसऱ्यांदा राग नव्हता — ती ओरडली नाही, म्हणून.

बाहेर येऊन सांगितलं, गोठ्यात बैलानं शिंग मारलं. अजींनी तो बैल बाजारात विकून टाकला. सगुणा गप्प राहिली.

जखम पिकली, ताप उलटून येत राहिला. वर्षाच्या आत तिसरं झालं. मुलगी. सगुणाला दूध उतरलं नाही, शेळीचं पोरीला पचलं नाही. ती रडायची, मग रडेनाशी झाली. बोडीच्या, म्हणजे शेताच्या लहान तळ्याच्या, पाळीवर मीच तिला पुरली. त्यानंतर सगुणाजवळ मी गेलो नाही. तिनं येऊ दिलंही नसतं.

त्या पोरीचं नाव ठेवलं नव्हतं. घरात तिला कुणी मोजत नाही. मुलं तीन होती.