काशिरामचा हेकरू

काशिरामने गव्हाणच्या खाडीतून हेकरू आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता. त्याआधी काशिरामचे गुडघे गेले, होडी सुटली, लेकाने सुकापूरच्या फ्लॅटवर आणलं आणि बापाला करमत नाही म्हणून काचेची टाकी घेऊन दिली.

माशांच्या दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं, "काका, हा घरच्या टाकीतला मासा नाही. हातभर वाढतो, तोंडात मावेल ते गिळतो. बारके रंगीत न्या."

"मला हेकरू शिकवतोस व्हय?" काशिराम हसला होता. जन्मभर त्याने हेकरू पाहिले, पण जाळ्यातले. वाढताना एकही पाहिला नव्हता.

चार वर्षांत हेकरूने टाकीतले बाकीचे मासे फस्त केले. वळताना तोंड काचेला घासून वरच्या ओठावर पांढरा घट्टा पडला. काशिरामच्या बोटांतून कोळंबी मात्र अलगद घ्यायचा.

"माझे नाय केले कधी एवढे लाड," बायको भामा फणकारायची आणि कोळंबी सोलून द्यायची.

काशिराम गेला. दर रविवारी रिक्षातून खाडीच्या पाण्याचे कॅन आणणारं कुणी उरलं नाही.

"आई, पाण्याला वास येतोय," सून निशा म्हणाली. "मरेल तो. दुकानदारही घ्यायला नाही म्हणतोय."

"मरू नाय द्यायचा. त्यांच्या हातचा हाय तो."

अकराव्या दिवशी भामाने पिंपात घालून तो गव्हाणच्या धक्क्यावर नेला आणि पायरीवरून सोडला. हेकरू गेलाच नाही. पायरीशी तोंड वर करून थांबला. तिने हाताने पाणी उडवलं, "जा रे मेल्या, घर हाय तुजं!" तो हाताकडेच आला. शेवटी तिनेच पाठ फिरवली.

सुतक फिटलं की विधवेच्या घरी मासळीचा पहिला वाटा पोचवायचा, ही कोळीवाड्याची रीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गावचा दयाराम पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"वयनी, काशिरामदादाचंच पुण्य! जालं नाय, गल नाय. पायरीशी हात घातला तर आपनच आला."

ओठावर पांढरा घट्टा होता.

वाटा परत करायचा नसतो. "बस, चाय घे," भामा म्हणाली. तो गेल्यावर तिने विळी मांडली. चाळीस वर्षं मासे कापलेला हात पोटाशी येऊन थांबला, मग चालला.

पोट रिकामं होतं. तीन दिवसांत त्याने काही खाल्लं नव्हतं.