मामांच्या नावाचं लॉगिन

कल्याण जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लॉगिन सांभाळतो. कंपनीच्या संगणकात कोणी शिरायचं, कुठपर्यंत आणि कधीपर्यंत, हे तो पाहतो. त्यात कंपनीचे नोकर आले, तशी बाहेरची कंत्राटी माणसंही आली: प्रयोगशाळेतल्या हंगामी मुली, गाडीवाले, गावोगावचे ऑर्गनायझर. माणूस आला की उघडायचं, गेला की बंद करायचं.

ऑफिसात त्याची चेष्टा होते. निवृत्त होणाऱ्याच्या हातात नारळ पडायच्या आधीच त्याचं लॉगिन बंद झालेलं असतं. बबलू शिपाई म्हणतो, "साहेब, शाल तं पांघरू द्या त्याला." कल्याण हसतो. बंद करायचं मात्र सोडत नाही.

बारावीपर्यंत कल्याण आणि मी एका बाकावर होतो. पुढे मी साहित्य शिकलो, तो संगणक. त्याचं काम मला कोरडं वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

त्याचे मामा पुंजारामबापू टेंभुर्णीचे ऑर्गनायझर होते. ते कंपनीचे नोकर नव्हते. कंपनीसाठी शेतकऱ्यांकडून मिरचीचं बियाणं तयार करून घ्यायचे. शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बाया सकाळी एकेका फुलाचं क्रॉसिंग, म्हणजे परागीकरण, हातानं करतात. कोणाच्या नेटमध्ये किती झालं, हे ऑर्गनायझरनं पाहून त्याच दिवशी मोबाईलवर भरायचं. नोंद चुकली की त्या प्लॉटचं बियाणं कंपनी घेत नाही. बापूंची नोंद कधी चुकली नव्हती.

बापू झोपेतच गेले. निरोप आला तेव्हा मी कल्याणजवळच होतो. माणूस गेला की त्याचं लॉगिन तात्काळ बंद, हा नियम त्यानंच घातलेला. त्या दिवशी त्याचा हात धजला नाही. कोणी त्या नावानं आत शिरलं तर आपल्याला कळावं, एवढीच सोय त्यानं केली, आणि आम्ही मोटारसायकलवर मातीला निघालो.

मुलानं, सुग्रीवनं, अग्नी दिला. सरण पेटलं तशी माणसं मागे सरकली. तेवढ्यात कल्याणचा फोन थरथरला. त्यानं तो माझ्यापुढे धरला. पुंजाराम, टेंभुर्णी. लॉगिन झालं.

मी धुराकडे पाहिलं.

कल्याण बाभळीखाली गेला आणि उभ्या उभ्या त्यानं मामांचं लॉगिन बंद केलं.

मला ते सहन झालं नाही. आजचा दिवस तरी राहू द्यायचं होतंस, असं मी म्हणालो. त्यानं सरणाकडे हात केला.

"मामा तिथं हायेत. मंग आत कोण गेलं?"

घरी येऊन आम्ही कडुनिंबाचा पाला चावला, हातपाय धुतले. मागच्या पडवीत बापूंची मुलगी मनीषा फोन घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"दादा, हे बंद पडलं," ती म्हणाली. "काही जणांच्या नेटच्या नोंदी भरायच्या राह्यल्या. बाया सकाळीच क्रॉसिंग करून गेल्या."

बापूंची नजर अधू झाली तेव्हापासून नेट तीच फिरायची, नोंदी तीच भरायची. यात चोरून काही नव्हतं. गावाला माहीत होतं. घर बापूंचं, म्हणून काम बापूंचं, म्हणून लॉगिनही बापूंचं. कोणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. मनीषालाही नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त कंपनीला, आणि कल्याणला.

सुग्रीव तिथं आला. तो अंकुशनगरला नोकरीला असतो, गावी क्वचित येतो. त्यानं शांतपणे तोड सांगितली. लॉगिन त्याच्या नावावर करावं. दोघातिघा वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. बापाचं मुलाकडे, बराबर आहे. मनीषा खाली पाहत राहिली.

"तू भरणार का नोंदी?" कल्याणनं विचारलं.

"मनी भरूनच राह्यली की. घरातलंच तं हाये."

"मंग मनीच्याच नावानं."

"उद्या ती सासरी गेल्यावर?"

"तवा बंद करीन. मामाचं केलं तसं."

मामी, आसराबाई, दारात येऊन उभी राहिली.

"कधी केलं रं?" तिनं विचारलं.

"तिथंच, मामी."

"राख तं होऊ द्यायची."

कल्याणनं मान खाली घातली. मग सगळ्यांसमोरच त्यानं आपल्या वरिष्ठ रूपालीमॅडमना फोन लावला. नोंदी मामांच्या मुलीच्या आहेत, आपण भाचा असून आपल्याला कळलं नाही, हे कळणं हेच आपलं काम होतं, असं सांगितलं. नातं आहे म्हणून आपण काही उघडणार नाही, तुम्ही ठरवा, असंही सांगितलं. मॅडमनी नाही म्हटलं असतं तर हंगामभराचे सगळे प्लॉट गेले असते. सुग्रीवच्या नावानं विनाचौकशी भागलं असतं. ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मॅडमनी मनीषाला फोन द्यायला सांगितलं. एकच विचारलं: नोंद खोटी निघाली तर जबाब कोण देणार?

मनीषानं भावाकडे पाहिलं. मग दाराकडे, आईकडे.

"मीच देईन," ती म्हणाली. "आजवरच्या बी माह्याच हायेत."

या हंगामापुरतं तिच्या नावानं लॉगिन द्यायचं ठरलं. आधीच्या नोंदी कंपनीची माणसं नेटमध्ये येऊन तपासतील. कल्याणचीही चौकशी होईल. सुग्रीव ऐकून उठला आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर तो कल्याणशी बोललेला नाही.

मनीषाच्या फोनवर तिच्या नावानं नव्या लॉगिनचा निरोप आला. पासवर्ड घालायची वेळ झाली तशी कल्याणनं रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं पासवर्ड घातला. राहिलेले नेट भरले. तरी तो वळला नाही. त्याचे खांदे हलत होते.

मामी त्याच्याकडे पाहत होती. ती जागची हलली नाही.